सायट्रिक ॲसिडचा पहिला कंटेनर मागवायचाय (सांवेर रोड, इंदूर): ग्रेड, कागद, खर्च, साठवण

आंबटगोड

नमस्कार मंडळी. कारखान्यात दोन लाइनी आहेत. एकीवर हार्ड कँडी, दुसरीवर खमण प्रीमिक्स आणि नमकीनवर भुरभुरायचा मसाला. सायट्रिकचा खप कँडीला महिन्याला १.२ टन आणि प्रीमिक्स-मसाल्याला ०.९ टन, म्हणजे एकूण २.१ टन. सध्या माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडून येतो, अडीनडीला इथल्या सियागंजच्या घाऊक बाजारातून. आता चीन किंवा थायलंडहून थेट वीस फुटी कंटेनर मागवायचा विचार आहे. आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक) आहे, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) उत्पादकाचा परवाना आहे.

मोनोहायड्रेट (स्फटिकात पाणी असलेलं) घ्यावं की ॲनहायड्रस (बिनपाण्याचं)? पुरवठादाराकडे दोन्ही आहेत आणि मोनोहायड्रेट स्वस्त पडतंय. दुसरं, किलोमागे खरा खर्च कसा काढायचा? आणि माल न्हावा शेव्याला सोडवावा की इथल्या आयसीडीत (बंदरापासून दूरच्या, कस्टम्सच्या कंटेनर डेपोत)?

चुंगीनाका

आधी परवान्याचं बघा. उत्पादकाच्या परवान्यावर आयात होत नाही. आयातदार म्हणून एफएसएसएआयचा वेगळा केंद्रीय परवाना लागतो, तोही आयईसीवर जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर. शुल्क वर्षाला ७,५०० रुपये. ‘आम्ही विकत नाही, स्वतःच्याच कारखान्यात वापरतो’ हे कारण इथे चालत नाही. अन्नसुरक्षा कायदा २००६ चं कलम २५ आयात होणाऱ्या सगळ्या खाद्यपदार्थांना लागू आहे आणि खाद्य-मिश्रकं त्यातच येतात. परवाना हातात येईपर्यंत पुरवठादाराला आगाऊ रक्कम देऊ नका.

सायट्रिकचा टॅरिफ (सीमाशुल्क वर्गीकरणाचा) क्रमांक २९१८ १४ ००. सोडियम सायट्रेट मागवलंत तर ते २९१८ १५ खाली जातं. आपल्याकडे बाजारात एक घोळ कायम आहे: सियागंजात ‘टाटरी’ मागितली की बहुतेक ठिकाणी सायट्रिकच देतात, पण नाव टार्टरिकचं. टार्टरिक ॲसिड वेगळं, त्याचा आयएनएस (खाद्य-मिश्रकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ३३४ आणि टॅरिफ २९१८ १२ ००. सायट्रिकचा आयएनएस ३३०. खरेदी आदेशात, इन्व्हॉइसवर, गोणीवर, सगळीकडे पूर्ण रासायनिक नाव आणि आयएनएस क्रमांक एकसारखा हवा. बाजारातलं नाव कागदावर कुठेही येऊ देऊ नका.

आता खर्च. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि आयजीएसटी १८ टक्के धरून गणित मांडतो. बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचं आयातीचं घोषणापत्र) भरायच्या दिवशी टॅरिफ आणि अँटी-डंपिंगच्या (फार स्वस्त परदेशी मालावरच्या जादा शुल्काच्या) अधिसूचना पुन्हा तपासायच्याच, कारण दर बदलू शकतात.

समजा सीआयएफ किंमत (माल, जहाजभाडं आणि विमा धरून) किलोला ६० रुपये आणि माल २५ टन. मूल्य १५,००,०००. सीमाशुल्क १,१२,५००, अधिभार ११,२५०. या तिन्हींची बेरीज १६,२३,७५०, त्यावर आयजीएसटी २,९२,२७५. म्हणजे कस्टम्सला एकूण ४,१६,०२५ रुपये भरायचे, मूल्याच्या २७.७३५ टक्के. यातला आयजीएसटी क्रेडिटमध्ये परत मिळतो, पण पैसा आधी खिशातून जातो. त्यामुळे मालाची किंमत काढताना किलोला ६४ रुपये ९५ पैसे धरा आणि खेळतं भांडवल मोजताना ७६ रुपये ६४ पैसे. वर शिपिंग लाइनचे स्थानिक आकार, सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर यार्डाचं) भाडं, एजंट, प्रयोगशाळा, ट्रक. हे लाखभर झाले तर किलोमागे ४ रुपये वाढतात. पुरवठादाराच्या भावाची व्यापाऱ्याच्या भावाशी तुलना करताना बहुतेक लोक हा शेवटचा भाग विसरतात.

एफओबी (भाडं-विमा न धरता, जहाजावर चढवलेल्या मालाचा भाव) घेतलंत आणि भाड्याची, विम्याची कागदपत्रं दाखवता आली नाहीत, तर कस्टम्स मूल्यांकन नियम २००७ प्रमाणे भाडं एफओबीच्या २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरला जातो. खरं भाडं त्याहून बरंच कमी असलं तरी शुल्क त्या फुगलेल्या आकड्यावर बसतं. म्हणून भाड्याची पावती बिल ऑफ एंट्रीसोबत जोडायचीच.

मालवा_गोदाम

मला तर ‘मुळात आयात करावी का’ या प्रश्नापाशीच थांबावंसं वाटतं. २५ टन भागिले २.१, म्हणजे जवळपास १२ महिन्यांचा साठा. वरच्या हिशेबाने एकोणीस लाखांवर रक्कम एका मालात अडकते, आणि माल एक अख्खा पावसाळा गोदामात काढतो. महिन्याला चार टनांच्या पुढे खप असेल तर आयात सरळ परवडते. दोन टनांना ती काठावर आहे. पालदा किंवा पीथमपूरच्या दुसऱ्या कारखान्याबरोबर कंटेनर वाटून घेता आला तर बघा.

चुंगीनाका

वाटून घ्यायचं असेल तर बिल ऑफ एंट्री एकाच्याच नावावर भरा आणि माल सुटल्यावर दुसऱ्याला जीएसटी बिलाने विका. दुसरा मार्ग हाय-सी सेलचा: जहाज समुद्रात असताना मुंबईच्या आयातदाराकडून पाच-दहा टन विकत घ्यायचे. पण करार बिल ऑफ एंट्री भरण्याआधीचा हवा, आणि मग आयातदार तुम्हीच ठरता. म्हणजे आयईसी आणि एफएसएसएआयचा आयात परवाना दोन्ही तुमच्या नावाचे लागतात.

फिनॉल्फ्थॅलिन

मोनोहायड्रेट स्वस्त का दिसतं ते पाहू. त्यात पाणी आहे. ॲनहायड्रसचं रेणूभार १९२.१२, मोनोहायड्रेटचं २१०.१४. दर १०० किलो मोनोहायड्रेटमध्ये साधारण ८.६ किलो पाणी. एक किलो ॲनहायड्रसचं काम करायला १.०९४ किलो मोनोहायड्रेट लागतं. दोघांच्या भावात ९.४ टक्क्यांहून जास्त फरक नसेल तर मोनोहायड्रेट स्वस्त नाहीच. आणि भाडं, एजंट, ट्रक हे खर्च वजनावर पडतात, तेव्हा त्या पाण्याचंही भाडं तुम्हीच भरता.

माल आल्यावर काय आलंय हे ओळखायला भारी यंत्र लागत नाही. नेमका १.५०० ग्रॅम नमुना ५० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका आणि १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा, म्हणजे गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंबथेंब घालत किती लागलं ते मोजा. ॲनहायड्रस सायट्रिकला २३.४२ मिली लागतात, मोनोहायड्रेटला २१.४१. मॅलिक ॲसिड असेल तर २२.३७, टार्टरिक असेल तर १९.९९. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण त्याच दिवशी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर प्रमाणित केलेलं हवं, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हे आकडे हलतात. मिश्रण करून फसवायचं ठरवलं तर नुसतं टायट्रेशन पुरत नाही, म्हणून सोबत कार्ल फिशर चाचणीने पाणी मोजा: ॲनहायड्रस ०.५ टक्क्याच्या आत, मोनोहायड्रेट ७.५ ते ८.८. टार्टरिकची शंका असेल तर घट्ट द्रावणात पोटॅशियम क्लोराइड टाकून काचेच्या कांडीने भांड्याची आतली बाजू घासा. टार्टरिक असेल तर बारीक पांढरे स्फटिक खाली बसतात.

सीओए (मालाचा चाचणी-दाखला) वाचताना शुद्धतेच्या पुढे जा. ९९.५ ते १००.५ टक्के हा आकडा सगळेच छापतात. खरी गुणवत्ता सल्फेट, ऑक्झलेट आणि सल्फेटेड ॲशमध्ये कळते. ॲस्परजिलस नायजर बुरशीने साखरेवर किण्वन करून सायट्रिक बनतं, मग चुन्याने कॅल्शियम सायट्रेट म्हणून खाली बसवतात आणि गंधकाम्लाने सोडवतात. त्यात जिप्सम तयार होतं. धुलाई नीट झाली नाही तर सल्फेट आणि राख मागे राहते. ऑक्झलेट हे त्या बुरशीचंच दुसरं उत्पादन. जेक्फाच्या (खाद्य-मिश्रकांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या) विनिर्देशात सल्फेट १५० मिलिग्रॅम प्रतिकिलो, ऑक्झलेट १००, सल्फेटेड ॲश ०.०५ टक्के, शिसं ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो या कमाल मर्यादा आहेत. ‘रेडिली कार्बनायझेबल सबस्टन्सेस’ (गंधकाम्लात काळपट पडणारी अशुद्धी) ही ओळ सीओएवर नसेल तर मागून घ्या. ती चाचणी बिघडलेली असली तर कँडीचा रंग पिवळसर येतो आणि तुम्ही दोष पाकाला देत बसता.

पाकाचीतार

कँडीसाठी ॲनहायड्रसच. तयार गोळीत ओलावा २ ते ३ टक्केच ठेवायचा असतो. मोनोहायड्रेट १.५ टक्के घातलं तर त्यातूनच ०.१३ टक्के पाणी परत आत येतं. शिवाय ते ७०-७५ अंशांना मऊ पडतं, म्हणून गरम मासमध्ये (शिजवलेल्या घट्ट पाकात) टाकताना ठिकठिकाणी ओलसर डाग पडतात. ॲनहायड्रस १५३ अंशांना वितळतं.

आम्ल पाकात कधीच उकळायचं नाही. निर्वात कुकरमधून मास बाहेर आल्यावर, तो गार होऊन मळता येईल असा झाला की टेबलावर किंवा मिक्सरमध्ये आम्ल, रंग, वास घालायचे. गरम पाकात आम्ल जास्त वेळ राहिलं तर साखरेचं इन्व्हर्शन होतं (ती ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये तुटते), गोळी आठवड्याभरात चिकट होते, कागद सुटत नाही. पावसाळ्यात गोळी चिकटली की लोक ग्लुकोज सिरप बदलतात. आधी आम्ल घालतानाचं तापमान आणि त्यानंतर मास किती मिनिटं गरम राहतो हे मोजा. लाइन थांबण्याची शक्यता असेल तर थोडं आम्ल सोडियम सायट्रेटने बफर करणं जास्त चांगलं: पीएच थोडा वर राहतो, आंबटपणा फार कमी होत नाही, इन्व्हर्शन मंदावतं.

खमण प्रीमिक्सचं दुखणं वेगळं आहे. तिथे सोडा आणि आम्ल एकाच पिशवीत असतात. हिशेब असा: सोडियम बायकार्बोनेटच्या १ ग्रॅमला पूर्ण उदासीन करायला ०.७६२ ग्रॅम ॲनहायड्रस सायट्रिक लागतं, मोनोहायड्रेट ०.८३४. सोडा उरला तर खमणाला साबणाची चव आणि हळदीमुळे लालसर डाग. आम्ल उरलं तर जाळी दाट, चव तोंड आंबवणारी. पण पिशवी फुगते ती या प्रमाणामुळे नव्हे, ओलाव्यामुळे. बेसनातच दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्यात मोनोहायड्रेट टाकणं म्हणजे अभिक्रियेला पाणी आणून देणं. बेसन वाळवून घ्या, ॲनहायड्रस दाणेदार वापरा, आम्ल आधी कोरड्या स्टार्चमध्ये मिसळून मग शेवटी सोडा घाला. तरी फुगत असेल तर चरबीचं आवरण असलेलं सायट्रिक, किंवा फ्युमॅरिक ॲसिड (आयएनएस २९७). फ्युमॅरिक ओलावा धरत नाही आणि गार पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून पिशवीत ते शांत राहतं. वापरण्याआधी एफएसएसएआयच्या तक्त्यात तुमच्या खाद्य-वर्गात त्याला परवानगी आहे का ते बघणं आलंच.

मसाल्याला मेश (चाळणीच्या जाळीवरून ठरणारा दाण्याचा आकार) महत्त्वाची. मीठ आणि पिठीसाखर ज्या आकाराची, त्याच आकाराचं सायट्रिक हवं. नाहीतर ड्रमच्या तळाला आंबट आणि वर खारट.

आंबटगोड

सगळ्यांचे आभार. म्हणजे ॲनहायड्रस नक्की. पुरवठादाराचे दोन पर्याय आहेत: पॅलेटवर २० टन, किंवा पॅलेटशिवाय २५ टन. दोन्ही २५ किलोच्या क्राफ्ट गोण्या, आत पॉलिथिन. भाव सीआयएफ न्हावा शेवा, विमा त्यांचाच. थायलंडच्या दुसऱ्या एका पुरवठादाराचा भाव थोडा जास्त आहे, पण तो म्हणतो की आसियान करारामुळे शुल्क वाचेल.

घाटउतार

विमा त्यांचा आहे हे ऐकून लगेच निर्धास्त होऊ नका. इन्कोटर्म्स २०२० मध्ये (आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या अटींच्या नियमांत) सीआयएफ विक्रेत्यावर फक्त किमान संरक्षणाची जबाबदारी टाकतं, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ‘सी’. त्यात जहाज बुडणं, आग, अपघात असे मोठे धोके येतात. गोण्या भिजणं, कंटेनरच्या छताला घाम सुटून पाणी ठिबकणं, हाताळताना गोण्या फाटणं यातलं फारसं काही येत नाही, आणि सायट्रिकचं नुकसान नेमकं यातूनच होतं. खरेदी आदेशात क्लॉज ‘ए’, सीआयएफच्या ११० टक्के रकमेवर, गोदाम ते गोदाम असं लिहून घ्या. नाहीतर सीएफआर (विमा सोडून माल आणि भाडं) घ्या आणि विमा इंदूरलाच स्वतः काढा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण दाव्याच्या वेळी सर्वेयर (नुकसान तपासणारा) इथला असतो.

पॅलेटबद्दल: पॅलेटशिवाय २५ टन म्हणजे १,००० गोण्या हातांनी उतरवायच्या. तुमच्याकडे फोर्कलिफ्ट असेल आणि माल इथेच रिकामा होणार असेल तर पॅलेट. न्हावा शेव्याला सीएफएसमध्ये माल ट्रकमध्ये काढणार असाल तर पॅलेटचा फायदा तिथेच संपतो, आणि ५ टन कमी आल्यामुळे किलोमागे भाडं वाढतं.

आता आयसीडी. आपल्याकडे टिहीला आणि पीथमपूरकडे रेल्वेने कंटेनर येतो. तिथे सोडवायचा असेल तर बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) ‘प्लेस ऑफ डिलिव्हरी’ म्हणून त्या आयसीडीचं नाव हवं. फक्त न्हावा शेवा लिहिलं असेल तर माल तिथेच अडतो आणि मॅनिफेस्टमध्ये (जहाजाच्या माल-यादीत) दुरुस्ती करून पुढे आणेपर्यंत दिवस जातात. आयसीडीचा फायदा असा की सील बंद कंटेनर इथपर्यंत येतो, पावसात बिजासन घाट उघड्या ट्रकने उतरावा-चढावा लागत नाही. तोटा असा की रेल्वेचा रेक भरेपर्यंत डबा बंदरात पडून राहू शकतो. त्यामुळे शिपिंग लाइनकडून डिटेंशनचे (कंटेनर अडवून ठेवल्याच्या आकाराचे) मोकळे दिवस आधीच १४ ते २१ लिहून घ्यायचे.

चुंगीनाका

आयसीडीबद्दल आणखी एक. एफएसएसएआयचे स्वतःचे अधिकारी सगळ्या प्रवेशठिकाणी नसतात. जिथे नसतात तिथे कस्टम्सच्या अधिकाऱ्याला प्राधिकृत अधिकारी नेमलेलं असतं. बुकिंगच्या आधी एजंटला विचारा की या आयसीडीत नमुना कोण घेणार आणि तो कुठल्या प्रयोगशाळेत जाणार. पहिल्याच कंटेनरला मी न्हावा शेवाच सुचवेन. तिथे सायट्रिक नेहमी येतं, सगळ्यांना पद्धत माहीत आहे.

आसियानबद्दल सावध. भावातली सूट लगेच दिसते, जबाबदारी नंतर. २९१८ १४ ला सूट किती हे अधिसूचनेत आधी बघा. मग कॅरोटार नियम (करारातली शुल्कसूट घेणाऱ्या आयातदारासाठीचे), २१ सप्टेंबर २०२० पासून लागू: मूळ देशाचं प्रमाणपत्र जोडून काम भागत नाही. माल तिथे खरंच बनला, कच्चा माल कुठला, प्रादेशिक मूल्य ३५ टक्के कसं भरतं आणि टॅरिफचं उपशीर्ष कसं बदललं, ही माहिती आयातदाराकडे हवी, आणि ती पाच वर्षं जपायची. चीनचा माल थायलंडात नव्या गोण्यांत भरला असेल तर तो थाई होत नाही. विचारल्यावर पुरवठादार किण्वनाच्या कच्च्या मालाची माहिती द्यायला टाळाटाळ करत असेल, तर सूट न घेता पूर्ण शुल्क भरणं बरं. नंतर शुल्क, व्याज आणि दंड तुमच्याकडूनच वसूल होतो.

गोणीवरच्या लेबलवर सगळ्यात जास्त माल अडकतो, तेव्हा हे नीट वाचा. आयात नियम २०१७ प्रमाणे काही गोष्टी बंदरात स्टिकर लावून दुरुस्त करता येतात: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण, आणि वर्ग-उपवर्ग. तेही सुटून न येणाऱ्या एकाच स्टिकरने, कस्टम्सच्या ताब्यातल्या गोदामात. उत्पादनाची तारीख आणि लॉट क्रमांक मात्र कारखान्यातूनच छापून यायला हवेत. ते नसतील, किंवा गोणीवरचा लॉट आणि सीओएवरचा लॉट जुळत नसेल, तर स्टिकर उपयोगाचा नाही. म्हणून माल निघण्याआधी गोणीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा आणि त्यावरचं एकेक अक्षर इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सीओएशी ताडून बघा. पदार्थाचं नाव, आयएनएस ३३०, फूड ग्रेड, उत्पादक, निव्वळ वजन, लॉट, उत्पादन आणि मुदतीच्या तारखा, मूळ देश. लॉट शक्यतो एकच, जास्तीत जास्त दोन.

मुदतीचा नियम: माल सुटताना ६० टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला तीन महिने, यांपैकी जे कमी ते शिल्लक हवं. सायट्रिकसारख्या दीर्घायुषी मालाला हे सहज जमतं. पण तुम्ही १२ महिन्यांत वापरणार आहात, तेव्हा नियमावर थांबू नका. जहाजावर चढताना उत्पादन दोन महिन्यांहून जुनं नसावं असं आदेशात लिहा.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसाच्या शेवटापर्यंत भरलेलं हवं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत माल सीएफएसमध्ये भाडं खात बसतो. उशीर होणार असं दिसलं तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४९ खाली माल सार्वजनिक वखारीत हलवायची परवानगी मागा. कंटेनर रिकामा होऊन लाइनला परत जातो आणि निदान डिटेंशन थांबतं. हे कलम एजंट आपणहून सुचवेलच असं नाही.

मालवा_गोदाम

माल आल्यावरचं मी सांगतो. सील क्रमांक बिल ऑफ लेडिंगशी जुळवा, दार उघडतानाचे फोटो काढा. छताला किंवा भिंतीला ओल, गोण्यांवर पाण्याचे डाग दिसले तर उतरवणं थांबवून सर्वेयरला बोलवा आणि पोचपावतीवर शेरा लिहा. स्वच्छ सही करून नंतर दावा केला तर तो टिकत नाही.

नमुना किती गोण्यांतून? गोण्यांच्या संख्येचं वर्गमूळ अधिक एक. हजार गोण्यांना ३३. दारापासच्या ३३ नव्हे, आतून, मधून, छताजवळून मिळून.

साठवण: सायट्रिक हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे गेली की ओढायला लागतं. इंदूरला जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत साध्या पत्र्याच्या शेडमध्ये ती सहज त्याच्या वर असते. बारीक पावडर आधी गोळा होते, दाणेदार नंतर. खोली बंद, एक डीह्युमिडिफायर, आर्द्रतामापक भिंतीवर, आणि लक्ष्य ६० टक्क्यांखाली. गोण्या भिंतीपासून दीड-दोन फूट दूर, जमिनीपासून पॅलेटवर, थप्पी आठ-दहापेक्षा उंच नको. खालच्या गोण्या दाबाने दगड होतात, हे ओलाव्याशिवायही होतं. उघडलेली गोणी त्याच दिवशी संपवा किंवा आतली पिशवी पीळ देऊन बांधा. उन्हाळ्यात पत्र्याखाली मोनोहायड्रेट पाणी सोडतं आणि रात्री तेच पाणी गोणीत परत जमतं. ॲनहायड्रस घेण्याचं हे आणखी एक कारण.

द्रावण करायचं असेल तर ५० टक्क्यांचं: १ किलो ॲनहायड्रस, १ किलो पाणी. विरघळताना ते गार पडतं, म्हणून कोमट पाणी घ्या. टाकी एसएस ३१६ किंवा एचडीपीई. लोखंड, जस्त चढवलेला पत्रा, ॲल्युमिनियम यांना हात लावू नका. माल धोकादायक वर्गात नाही, तरी भुकटी डोळ्यांत गेली तर चांगलीच आग होते. गोणी ओतणाऱ्याला गॉगल आणि मास्क द्यायचाच.

घाटउतार

पैशांबद्दल एक गोष्ट राहिली. माल निघायच्या सुमारास ‘आमचं बँक खातं बदललंय’ अशी ईमेल येते. पुरवठादाराच्या जुन्या, माहीत असलेल्या फोन नंबरवर बोलल्याशिवाय एक रुपयाही नव्या खात्यात पाठवू नका. पहिल्या व्यवहाराला एलसी (कागद बरोबर आले तरच बँक पैसे देते अशी हमी) बरी. त्यात मागायच्या कागदांत लॉटनिहाय सीओए आणि माल चढवण्याआधीचा तटस्थ तपासणी अहवाल घाला. बिल ऑफ एंट्री सुटल्यावर तिची नोंद बँकेत आयडीपीएमएसमध्ये (आयातीच्या पैशांची नोंद ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत) पैशांशी जुळवून घ्या. ती राहिली तर पुढचा कंटेनर मागवताना बँक पैसे अडवते.

आंबटगोड

पालद्याच्या एका कँडीवाल्याला १० टन हवे आहेत, त्यामुळे २५ टनांचाच घेतो, पॅलेटशिवाय, न्हावा शेवा, सीएफआर, विमा इथून क्लॉज ‘ए’. खरेदी आदेशाचा मसुदा असा केलाय:

सायट्रिक ॲसिड ॲनहायड्रस, फूड ग्रेड, आयएनएस ३३०, ३०–१०० मेश. शुद्धता ९९.५–१००.५ टक्के, पाणी कमाल ०.५ टक्के, सल्फेट कमाल १५०, ऑक्झलेट कमाल १००, शिसं कमाल ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, सल्फेटेड ॲश कमाल ०.०५ टक्के. ५० टक्के द्रावण रंगहीन आणि स्वच्छ. लॉट जास्तीत जास्त दोन. उत्पादन जहाजावर चढताना ६० दिवसांच्या आतलं. कंटेनरमध्ये क्राफ्ट कागदाचं अस्तर आणि टांगायच्या डेसिकंट पट्ट्या. गोणीचे फोटो मंजूर झाल्याशिवाय माल चढवायचा नाही.

काही सुटलंय का?

फिनॉल्फ्थॅलिन

दोन गोष्टी. नुसतं ‘३०–१०० मेश’ लिहू नका, त्याचा अर्थ प्रत्येक कारखाना आपापला लावतो. ३० मेशवर, म्हणजे ६०० मायक्रॉनवर, कमाल ५ टक्के राहावं आणि १०० मेशमधून, म्हणजे १५० मायक्रॉनमधून, कमाल १० टक्के खाली जावं असं लिहा. मसाल्यात वेगळं पडणं आणि गोदामात गोळा होणं, दोन्ही त्या खालच्या भुकटीवर ठरतं.

दुसरं, कार्बनायझेबलची ओळ मसुद्यात नाही. कँडीसाठी तीच सगळ्यात कामाची, ती घाला. आणि पुरवठादाराकडून ५०० ग्रॅमचा नमुना त्याच लॉटचा कुरिअरने मागवून ठेवा. कंटेनर आला की दोन्हींचं ५० टक्के द्रावण पांढऱ्या कागदावर शेजारीशेजारी ठेवून बघा. रंगात फरक दिसला तर आधी तो नमुना सीलबंद करून ठेवा, मगच पुरवठादाराला फोन करा.

आंबटगोड

दोन्ही ओळी घातल्या. नमुन्यासाठी आज लिहितो.